स्वरलेखनाची फाइल बिघडली तर काय वाचतं, आणि वाचलेलं खरं कसं मानायचं

संगीतावर संशोधन करायचं ठरवलं असेल, तर तुमचा बराचसा डेटा स्वरलेखनाच्या फाइल्समध्ये असणार. म्यूझस्कोर, सिबेलियस, डोरिको, फिनाले, कुठलंही सॉफ्टवेअर घ्या. आता समजा, एका स्ट्रिंग क्वार्टेटचे ३०० बार तुम्ही उतरवून काढलेत, त्यावर विश्लेषण सुरू केलंय, आणि एका सकाळी सॉफ्टवेअर म्हणतं की फाइल उघडता येत नाही. पहिला प्रश्न साहजिकच येतो, 'परत कशी मिळवायची?' संशोधकासाठी मात्र याच्या मागे आणखी एक प्रश्न उभा असतो: परत मिळालेली फाइल म्हणजे माझा तोच डेटा आहे का? या लेखात दोन्ही प्रश्न एकत्र बघू. उदाहरण म्यूझस्कोरचं घेतो, कारण ते मोफत आहे आणि त्याची फाइल आतून वाचता येते.

आधी हात आवरा

पहिली गोष्ट, बिघडलेल्या फाइलची प्रत काढा आणि मूळ फाइलला हात लावू नका. जे काही प्रयोग करायचे ते प्रतीवर. दुसरी गोष्ट, फाइल खरंच बिघडली आहे का ते बघा. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडायला गेलात तरी ती नीट उघडत नाही. विभागातल्या लॅबमधल्या संगणकावर जुनी आवृत्ती आणि तुमच्या लॅपटॉपवर नवी, हे तर नेहमीचंच. त्याला बिघाड म्हणत नाहीत.

तिसरी गोष्ट, दुरुस्तीच्या मागे लागण्याआधी बॅकअप शोधा. म्यूझस्कोर ४ मूळ फाइलच्याच फोल्डरमध्ये एक लपवलेलं बॅकअप फोल्डर ठेवतं आणि त्यात आधीच्या जतनाची प्रत असते. फाइल मॅनेजरमध्ये 'लपवलेल्या फाइल्स दाखवा' हा पर्याय चालू केल्याशिवाय ते दिसत नाही, म्हणून बऱ्याच जणांना ते आहे हेच माहीत नसतं. सिबेलियस 'बॅकअप स्कोअर्स' नावाच्या फोल्डरमध्ये अलीकडे जतन केलेल्या २०० फाइल्स ठेवतं. डोरिकोचंही 'बॅकअप प्रोजेक्ट्स' असं फोल्डर असतं. क्लाउडवर फाइल ठेवत असाल तर तिथला आवृत्त्यांचा इतिहास बघा, पण लवकर बघा. जुन्या आवृत्त्या कायम ठेवल्या जात नाहीत. कालची धडधाकट प्रत ही आजच्या दुरुस्त केलेल्या प्रतीपेक्षा जवळजवळ नेहमीच बरी.

फाइलच्या आत काय असतं?

म्यूझस्कोरची नेहमीची फाइल म्हणजे खरं तर एक झिप पुडकं असतं. प्रतीचं एक्स्टेन्शन बदलून 'झिप' केलंत तर ते सरळ उघडता येतं. आत मुख्य फाइल एक्सएमएल मजकुराची असते, सोबत छोटं चित्र, मांडणीच्या सेटिंग्ज वगैरे. म्युझिकएक्सएमएलचं दाबलेलं रूपही असंच झिप असतं.

म्हणजे बिघाड तीन थरांत होऊ शकतो. सगळ्यात बाहेर झिपचं पुडकं. त्याच्या आत एक्सएमएलची रचना. आणि त्याच्याही आत संगीत, म्हणजे बारमधल्या मात्रा, स्वर, आवाज. प्रत्येक थराची तपासणी वेगळी असते. एक थर ठीक निघाला म्हणून पुढचा ठीक असेलच असं नाही. पुढचं सगळं या एका वाक्यातून निघतं, म्हणून ते लक्षात ठेवा.

पहिला थर: पुडकं

एखाद्या हेक्स व्ह्यूअरमध्ये फाइल उघडा आणि पहिले दोन बाइट बघा. झिप असेल तर तिथे रोमन लिपीतली 'पी' आणि 'के' ही दोन अक्षरं दिसतात. झिपचे जनक फिल कॅट्झ यांची ही आद्याक्षरं.

तिथे अक्षरांऐवजी शून्यच शून्य दिसली, आणि खाली स्क्रोल केलं तरी शून्यच, तर त्या फाइलमध्ये काहीही उरलेलं नाही. जतन होत असतानाच वीज गेली किंवा पेनड्राइव्ह ओढून काढला की असं होऊ शकतं. आकार बरोबर दिसतो, पण मजकूर लिहिलाच गेलेला नसतो. अशा फाइलवर वेळ घालवू नका, बॅकअपकडे वळा.

'पीके' दिसलं तर आशा आहे. झिपमध्ये आतल्या फाइल्सची यादी शेवटी असते, अगदी पुस्तकाच्या शेवटी सूची असावी तशी. फाइल अर्धवट कॉपी झाली तर नेमकी हीच यादी तुटते आणि सॉफ्टवेअर म्हणतं, हे झिपच नाही. पण आतल्या प्रत्येक फाइलच्या आधी तिचं स्वतःचं एक शीर्षकही असतं, त्यामुळे यादीशिवायही आतला माल काढता येतो. लिनक्स आणि मॅकवरच्या झिप कमांडमध्ये दुरुस्तीचा पर्याय असतो, तो यादी नव्याने बांधायचा प्रयत्न करतो. त्याने जमलं नाही तर पायथनमधली झेडलिब ही लायब्ररी वापरा. शीर्षकाचे ठरलेले ३० बाइट, त्यानंतर फाइलचं नाव आणि असतील ते जादा बाइट ओलांडायचे, आणि पुढचा दाबलेला मजकूर तुकड्या-तुकड्याने उलगडत जायचं. तुटलेल्या जागेपर्यंतचा मजकूर हाती लागतो.

त्या पुढचा? तो बहुतेक वेळा नाही. दाबण्याच्या या पद्धतीत पुढचा मजकूर मागच्या ३२ केबीपर्यंतच्या मजकुराचा आधार घेऊन लिहिलेला असतो. मधला दुवा तुटला की पुढचं वाचता येत नाही. जे निघालं ते बरोबर आहे का, हे पाहायला झिपमध्ये प्रत्येक फाइलसाठी सीआरसी नावाचा तपासणीचा आकडा असतो. तो जुळला तर बाइट जसेच्या तसे आहेत असं मानायला हरकत नाही.

दुसरा थर: एक्सएमएल

आता हातात अर्धवट तुटलेला मजकूर आहे. काय गेलं असेल? साधारण अंदाज असा असतो की शेवटची पानं गेली, सुरुवात वाचली. इथेच बरेच जण फसतात.

म्यूझस्कोरच्या फाइलमध्ये संगीत पानांप्रमाणे लिहिलेलं नसतं, ते स्टाफप्रमाणे लिहिलेलं असतं. आधी पहिल्या व्हायोलिनचे सगळे ३०० बार, मग दुसऱ्या व्हायोलिनचे ३००, मग व्हिओलाचे, शेवटी चेलोचे. नेहमीचं म्युझिकएक्सएमएलही असंच वाद्यावार असतं. त्यामुळे फाइल मध्येच तुटली तर तुमच्या हाती पूर्ण पहिलं व्हायोलिन, पूर्ण दुसरं व्हायोलिन, अर्धा व्हिओला येईल, आणि चेलो शून्य. चालीचा अभ्यास करत असाल तर तुमचं फारसं बिघडलं नाही. हार्मनीचा अभ्यास करत असाल तर खर्जच गेला, म्हणजे पहिल्या बारपासून सगळंच गेलं. तेव्हा 'अर्धी फाइल वाचली' असं मोघम म्हणू नका; कुठला स्टाफ कुठल्या बारपर्यंत वाचला ते लिहून ठेवा.

दुरुस्ती तशी सरळ आहे. एक्सएमएल वाचणारं कुठलंही साधन चूक कुठल्या ओळीत आहे ते सांगतं. शेवटचा पूर्ण बार शोधा, त्यापुढचा तुकडा काढून टाका आणि उघडे राहिलेले टॅग आतून बाहेर या क्रमाने बंद करा. आपोआप दुरुस्त करणारे पर्यायही मिळतात, पण ते काय टाकून देतात ते नेहमी सांगत नाहीत. म्हणून शक्यतो हे काम हातानेच करा. झालेली फाइल म्यूझस्कोरमध्ये थेट उघडता येते, परत झिप करायची गरज नाही.

मराठीत शब्द लिहिणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना. बंदिशीचे किंवा अभंगाचे शब्द देवनागरीत घातले असतील तर यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. मजकूर नेमका चिन्हाच्या मधोमध तुटला तर साधन 'अक्षर अवैध' अशी तक्रार करतं आणि आपल्याला वाटतं, सगळंच गेलं. शेवटचे एक-दोन अनाथ बाइट काढले की तक्रार थांबते. आणि हो, फाइल जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ च ठेवा, नाहीतर स्वर राहतील आणि शब्द जातील.

तिसरा थर: संगीत

हा सगळ्यात अवघड थर, कारण इथे फाइल उघडते. ४/४ च्या बारमध्ये पाच मात्रा बसलेल्या असतात किंवा तीनच असतात. म्यूझस्कोर उघडतानाच सांगतं की अमुक बार, अमुक स्टाफ, अपेक्षित इतकं, सापडलं इतकं. बरेच जण 'तरीही उघडा' दाबून पुढे जातात. स्क्रीनवर फारसं काही खटकत नाही. पण हीच फाइल म्यूझिक२१ सारख्या साधनाला दिलीत तर त्या स्टाफचे पुढचे स्वर एका मात्रेने सरकू शकतात आणि उभे स्वरसमूह भलतेच बनतात. प्रोग्राम थांबत नाही, आलेखही छान येतो, फक्त उत्तर चुकीचं असतं. न उघडणारी फाइल निदान ओरडून सांगते. ही गप्प बसते, म्हणून जास्त धोक्याची.

उपाय असा: बिघडलेल्या बारच्या शेजारी नवा रिकामा बार घाला, सगळ्या स्टाफवरचे स्वर मूळ छापील प्रतीशी किंवा ध्वनिमुद्रणाशी ताडून तिथे पुन्हा भरा, आणि मगच जुना बार काढून टाका. बार काढला की तो सगळ्या स्टाफवरून जातो, त्यामुळे हा क्रम चुकवू नका.

काहीच उरलं नाही तर?

तेव्हा निर्यात केलेल्या प्रतींकडे वळा, पण कशात काय टिकतं ते समजून घ्या. म्युझिकएक्सएमएलमध्ये स्वर, शब्द, खुणा बहुतेक टिकतात, मांडणी थोडी हलते. पीडीएफवरून ऑडिव्हेरिससारखं साधन स्वर ओळखू शकतं, पण एकेक बार तपासावा लागतो. मिडीमध्ये स्वराचा फक्त क्रमांक असतो. सी शार्प आणि डी फ्लॅट दोघांचाही ६१. म्यूझस्कोर मात्र आपल्या फाइलमध्ये स्वराचं लेखन वेगळ्या आकड्याने नोंदवतं: सी शार्पला २१, डी फ्लॅटला ९. मिडीवरून परत आणलेल्या फाइलमध्ये हा फरक सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेला असतो. त्यावर हार्मनीचं विश्लेषण करणं म्हणजे सॉफ्टवेअरच्या अंदाजाचं विश्लेषण करणं.

फिनालेच्या फाइल्स असतील तर अजिबात वेळ दवडू नका. १९८८ मध्ये आलेल्या या सॉफ्टवेअरचा विकास थांबवत असल्याचं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालं. त्याच्या २०१४ पासूनच्या फाइल्सही झिपच आहेत, पण आतलं संगीत साध्या एक्सएमएलमध्ये नाही, त्यामुळे वरची युक्ती तिथे चालत नाही. सॉफ्टवेअर चालू असेपर्यंत सगळ्या फाइल्स म्युझिकएक्सएमएलमध्ये काढून ठेवा.

प्रबंधात काय लिहायचं?

दुरुस्त केलेली फाइल मूळ नावाने जतन करू नका. नवं नाव द्या आणि शेजारी एका साध्या मजकूर फाइलमध्ये चार ओळी लिहा: काय बिघडलं होतं, कुठले बार कुठल्या स्रोतावरून पुन्हा भरले, कुठले तपासले, कुठले राहिले. मग प्रत्येक स्टाफचे बार आणि स्वर मोजा आणि जुन्या पीडीएफशी ताडा. शंका असलेले बार विश्लेषणातून वगळले असतील तर तसं स्पष्ट सांगा. परीक्षकाला वगळलेले १२ बार खटकत नाहीत, न सांगता भरलेले १२ बार खटकतात.

शेवटी एक गृहपाठ. आज एखादी चांगली फाइल घ्या, तिची प्रत काढा, प्रतीचा शेवटचा तिसरा हिस्सा मुद्दाम कापून टाका आणि वरच्या पायऱ्यांनी ती वाचवून बघा. तासाभराचं काम आहे. प्रबंध जमा करायच्या आठवड्यात पहिल्यांदा शिकण्यापेक्षा आज शिकलेलं बरं.