पातळ पेज आणि बाळाची भूक

अन्नप्राशनाचा संस्कार गृह्यसूत्रांनी सहाव्या महिन्यात सांगितला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००१ साली, पहिले ६ महिने केवळ आईचे दूध द्यावे व नंतर पूरक अन्नास प्रारंभ करावा, असे सुचविले. तेव्हा काळाविषयी फारसा वाद उरलेला नाही. प्रश्न आहे तो बाळाच्या वाटीत काय असते याचा.

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळास आईच्या दुधाखेरीज रोज सुमारे २०० कॅलरी लागतात. नवव्या महिन्यापासून सुमारे ३००. जठर मात्र इवलेसे! वजनाच्या दर किलोमागे त्यात साधारण ३० मिलिलिटर अन्न मावते. आता आपली नित्याची पातळ पेज पाहा. तिच्या १०० भागांत पिठाचे ५ भाग असतील, तर १०० मिलिलिटरमध्ये २० कॅलरीही भरत नाहीत. तेवढ्याच आईच्या दुधात त्या ६५ च्या आसपास असतात. म्हणजे पेजेने पोट भरते, बाळ दूध कमी पिते आणि पोषण वाढण्याऐवजी घटते. बाळ तृप्त दिसते, म्हणून हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

यात आईचा दोष नाही. पीठ अधिक घातले की शिजताना त्यातील पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात, पेजेचा गोळा होतो आणि बाळ तो गिळत नाही. यावरील तोड मोड आलेल्या धान्यात आहे. धान्य अंकुरताना त्यात अमायलेज नावाचे विकर वाढते व ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात याच गुणाचा बालकांच्या आहारासाठी अभ्यास केला.

नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधावी, मोड आल्यावर उन्हात वाळवावी, हलकेच भाजून दळावी. फार भाजल्यास विकर नष्ट होते. नेहमीच्या पिठाची दाट पेज शिजवून चुलीवरून उतरवावी. उकळी निवल्यावर हे पीठ लहान चमचाभर घालून ढवळत राहावे. काही मिनिटांत पेज सैल होते. पीठ मात्र तितकेच राहते. मग तिला पुन्हा एक उकळी द्यावी, कारण कच्च्या पिठात जंतू असू शकतात.

पेजेत थोडे तूप, घोटलेले वरण किंवा अंड्याचा शिजवलेला बलक मिसळावा. मध मात्र वर्ष पुरे होईपर्यंत चाटवू नये, मग वडीलधाऱ्यांचा आग्रह कितीही असो. त्यातील जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या मुलास गंभीर विषबाधा होऊ शकते. आरंभ दोन-तीन चमच्यांनी करावा आणि बाळाने तोंड फिरविले की थांबावे.