मोटारींतून उतरतांना बसणारा झटका

बोरी अरबहून दारव्ह्यास किंवा यवतमाळास मोटारीनें जाणाऱ्या मंडळींस फाल्गुन-चैत्रांतील एक अनुभव नवा नाहीं. गाडी थांबते, आपण उतरतों, दार लोटण्यास हात लावतों, तोंच बोटाला टचकन् झटका बसतो. मुलें हंसतात, वृद्ध माणसें दचकतात, आणि गाडीच्या तारेंत बिघाड आहे असा निर्णय देऊन कोणी तरी ती मिस्त्रीकडे धाडतो. वस्तुतः ही वीज गाडीच्या तारेंतली नसून उतरणाऱ्याच्या अंगावरची असते.

आपल्या घरांतही ती जुनीच आहे. थंडींत अंधाऱ्या माजघरांत धाबळी झटकून काढतांना चटचट आवाज होऊन बारीक ठिणग्या उडालेल्या आजीबाईंनीं पाहिल्या असतील. दोन निरनिराळे पदार्थ एकमेकांस घांसून विलग झाले म्हणजे एकावर धन व दुसऱ्यावर ऋण विद्युत् सांचते. मोटारीची बैठक आणि आपली पॉलिएस्टरची साडी वा पाटलोण यांच्यांत हेंच घडतें. बसलेलों असेंपर्यंत दोन्ही भार जवळ असल्यामुळें कांहीं जाणवत नाहीं. उठून दूर होतांच मात्र अंगावरील दाब कित्येक हजार व्होल्टपर्यंत चढतो. पायांत रबरी तळव्याचे जोडे असले कीं तो भार जमिनींत उतरत नाहीं, व दाराजवळ बोट जातांच ठिणगीच्या रूपानें उडी घेतो. आंकडा भयंकर दिसला तरी विजेचा सांठा अत्यल्प असतो व क्षणांत संपतो, म्हणून निरोगी माणसास इजा होत नाहीं. घरांतील तारेचे २३० व्होल्ट मात्र प्राण घेतात, कारण तेथें प्रवाह वाहातच राहतो.

श्रावणांत हा त्रास नसतो, कारण दमट हवेंत कापडावर ओलाव्याचा सूक्ष्म थर बसून भार हळूहळू निघून जातो. विदर्भांत उन्हाळ्याच्या दुपारीं हवेंतील सापेक्ष आर्द्रता पुष्कळदां २० टक्क्यांखालीं जाते. सूतगिरण्यांत हवा मुद्दाम दमट ठेवितात, त्याचेंही एक कारण हेंच.

उपाय बिनखर्चाचा आहे. बैठकीवरून उठण्यापूर्वींच दाराच्या चौकटीचा धातूचा भाग धरावा, आणि पाय जमिनीस टेकून उभें राहीपर्यंत सोडूं नये. विसर पडल्यास किल्ली घट्ट धरून तिचें टोक दारास लावावें; ठिणगी किल्लीवर पडते, बोट वांचतें. प्रवासांत सुती वस्त्रें वापरल्यास त्रास पुष्कळ कमी होतो, आणि कापसाच्या या जिल्ह्यांत तीं कांहीं दुर्मिळ नाहींत! गाडीमागें लोंबणारा रबरी पट्टा मात्र आम्हांस निरुपयोगी वाटतो. तो गाडीवरचा भार उतरवील, आपल्या अंगावरचा कसा उतरवणार?

येथवर हा केवळ त्रास झाला. पेट्रोलच्या वाफेजवळ तीच ठिणगी घातक ठरते. अमेरिकेंत गाडीवाला स्वतःच पेट्रोल भरतो. नळी लावून थंडीमुळें गाडींत जाऊन बसणें व परत येऊन नळीस हात लावणें, यांतून आगी लागल्याची नोंद आहे. ज्यांचीं मुलें तिकडे आहेत त्यांनीं त्यांस हें अवश्य कळवावें. भरणें चालू असतां आंत बसूं नये. बसावेंच लागलें तर नळीला शिवण्यापूर्वीं टांकीच्या तोंडापासून दूर उघड्या धातूस हात लावावा. शेतावरील पंपासाठीं डब्यांत पेट्रोल न्यावयाचें असल्यास योग्य डबा गाडींतून काढून जमिनीवर ठेवून मगच भरावा. आणि दुर्दैवानें तोंडाशीं ज्वाळा दिसलीच, तर नळी उपसूं नये. ती तशीच सोडून सर्वांनीं दूर व्हावें व पंप बंद करण्यास ओरडून सांगावें.