नेस्मिथ हरले, ॲलन जिंकले

कॅन्सस विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाला सव्वाशे वर्षांत मुख्य प्रशिक्षक लाभले अवघे आठ. त्यांतल्या सात जणांच्या खाती हारीपेक्षा जीत जास्त आहे. एकट्या पहिल्याचा हिशेब उलटा: 55 विजय आणि 60 पराभव. गंमत अशी, की हे पहिले प्रशिक्षक म्हणजे डॉ. जेम्स नेस्मिथ. बास्केटबॉल शोधून काढला तो त्यांनीच.

नेस्मिथ मूळचे कॅनडाचे, ओंटारिओतल्या आल्मोंटचे. शिक्षण धर्मशास्त्राचं. 1891 च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षणशाळेत ते शिकवत होते. थंडीत बाहेर खेळता येत नाही म्हणून कंटाळलेल्या, दंगेखोर वर्गाला गुंतवायला त्यांनी पीचच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. (आपल्याकडे हा खेळ आला तोही वायएमसीएच्याच वाटेने.) पुढे त्यांनी वैद्यकीची पदवी घेतली आणि 1898 मध्ये ते कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी आले. विद्यापीठाने त्यांना बोलावलं होतं ते प्रार्थनामंदिर आणि व्यायामशिक्षण सांभाळायला. संघ ही त्यांच्या येण्याबरोबर आपसूक आलेली गोष्ट. 3 फेब्रुवारी 1899 रोजी तो कॅन्सस सिटीच्या वायएमसीएशी पहिला सामना खेळला आणि 16–5 असा हरला.

नेस्मिथना त्याचं फारसं काही वाटलं नसावं. मुलांनी हातपाय हलवावेत, धसमुसळेपणा करू नये, खिलाडूपणा अंगी बाणवावा, एवढीच त्यांची अपेक्षा. आपल्याच संघाच्या सामन्यात पुष्कळदा शिट्टी घेऊन पंच म्हणून ते उभे राहत. 1905 नंतर त्यांच्या हाताखाली फॉरेस्ट ॲलन नावाचा एक मुलगा खेळत होता. बेसबॉलमध्ये पंचगिरी करताना त्याचा आवाज फॉगहॉर्नसारखा, म्हणजे धुक्यात वाजणाऱ्या जहाजाच्या भोंग्यासारखा घुमायचा, म्हणून त्याला ‘फॉग’ म्हणत. आपल्याला प्रशिक्षकाची नोकरी आली आहे, असं त्याने सांगितलं तेव्हा नेस्मिथना हसू आलं म्हणतात. हा खेळ नुसता खेळायचा असतो, तो शिकवायचा कसला, असं त्यांचं म्हणणं. ॲलनचं म्हणणं, खेळाडूला तरबेज करता येतं, फ्री थ्रो घटवून घेता येतो, बचाव आखता येतो. कॅन्ससचा पुढचा सगळा इतिहास हा मला या दोघांमधला वाद वाटतो. तो कोण जिंकलं हे इमारतीवरची पाटीच सांगते. 1 मार्च 1955 रोजी उघडलेल्या भव्य क्रीडागृहाला नाव आहे ॲलन फील्डहाउस. आतल्या लाकडी मैदानाला तेवढं नेस्मिथचं नाव दिलेलं आहे.

ॲलन 1907 ते 1909 आणि पुन्हा 1919 ते 1956 असे 39 हंगाम प्रशिक्षक होते. पेशाने ते ऑस्टिओपॅथ. हाडं-स्नायू बसवण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. ड्रिबल एकाच टप्प्यावर आणायचं नियम समितीच्या मनात आलं, तेव्हा 1927 मध्ये देशभरच्या प्रशिक्षकांना एकत्र करून त्यांनी संघटना उभी केली आणि तो बेत हाणून पाडला. बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये यावा म्हणून त्यांनीच जंग जंग पछाडलं. 1936 मध्ये बर्लिनला तो आला, तेव्हा पाहायला म्हातारे नेस्मिथ हजर होते. 1952 च्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात क्लाइड लव्हलेटने 33 गुण केले, सेंट जॉन्सला 80–63 असं हरवलं, आणि त्याच वर्षी हेलसिंकीला सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकी संघात कॅन्ससचे सात जण होते. ॲलनच्या बाकावरून उठलेली मुलं तर सगळीकडे पसरली: 1923 च्या संघातले ॲडॉल्फ रप केंटकीला गेले, 1952 च्या संघातले राखीव खेळाडू डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलिनाला. कॅन्ससचे सगळ्यांत कडवे प्रतिस्पर्धी असे कॅन्ससनेच घडवले.

पण एक विद्यार्थी या वंशावळीत बसत नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत मोठा. जॉन मॅकलेंडन 1933 मध्ये विद्यापीठात आला. वडिलांनी सांगितलं म्हणून तडक नेस्मिथना भेटला आणि तुम्हीच माझे मार्गदर्शक म्हणाला. नेस्मिथनी ते मानलं. मॅकलेंडन कृष्णवर्णीय होता. त्यामुळे व्यायामशिक्षणाचा पूर्ण अभ्यासक्रम त्याला करता आला, संघात मात्र पाऊल टाकता आलं नाही. तेव्हा संघ ॲलनच्या हाती होता. कॅन्ससचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, लाव्हॅन्स स्क्वायर्स, मैदानात उतरायला 1951 उजाडावं लागलं. ॲलन थोर खरेच. पण त्यांच्या थोरवीचं पुस्तक लिहिताना हे पान अनेक जण चटकन उलटतात.

मॅकलेंडन 1936 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमला, कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात, प्रशिक्षक झाला. नेस्मिथकडून घेतलेला खेळ त्याने भलताच वेगवान केला: मैदानभर दबाव आणि चेंडू हाती येताच धूम. 12 मार्च 1944, रविवार सकाळ. गाव चर्चमध्ये असताना ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेचा गोरा संघ गुपचूप मॅकलेंडनच्या महाविद्यालयाच्या व्यायामशाळेत आला. दारं आतून लावली. प्रेक्षक नाहीत. अशा सामन्याला कायदा परवानगी देत नव्हता. मॅकलेंडनच्या मुलांनी 88–44 अशी धूळ चारली. त्यानंतर काय झालं ते जास्त मोलाचं: दोन्हीकडच्या मुलांनी संघ सरमिसळ केले आणि पुन्हा एक डाव मांडला, नुसता खेळायचा म्हणून. नेस्मिथ तोवर वारले होते. नाहीतर कॅन्ससच्या कुठल्याही विजयापेक्षा त्यांना हा डाव आवडला असता, अशी माझी खात्री आहे. मॅकलेंडनने पुढे टेनेसी स्टेटला 1957 ते 1959 अशी छोट्या महाविद्यालयांच्या स्पर्धेची सलग तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवून दिली.

1955 मध्ये ॲलननी फिलाडेल्फियाहून विल्ट चेंबरलेनला आणलं. सात फुटांहून उंच आणि हरणासारखा चपळ. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघात खेळता येत नसे. त्याने नवख्यांच्या संघाकडून खेळून मुख्य संघालाच हरवलं. पण तो मुख्य संघात येईपर्यंत सरकारी नियमाने ॲलनना सत्तराव्या वर्षी घरी बसवलं होतं, आणि डिक हार्पच्या हाती विल्ट आला. पहिल्याच सामन्यात त्याने 52 गुण केले. डॅलसला गेल्यावर रंगावरून शिव्या खाल्ल्या. आणि 23 मार्च 1957 रोजी कॅन्सस सिटीत अंतिम सामना रंगला नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध. सुरुवातीच्या उडीला विल्टसमोर त्यांचे प्रशिक्षक फ्रँक मॅग्वायर यांनी संघातला सगळ्यांत बुटका मुलगा उभा केला, नुसता खिजवायला. सामना तिसऱ्या जादा वेळेपर्यंत गेला आणि कॅन्सस 54–53 असा एका गुणाने हरला. सर्वोत्तम खेळाडू मात्र विल्टच ठरला. तो पुढच्या वर्षी निघून गेला आणि कितीतरी वर्षं लॉरेन्सकडे फिरकला नाही. जानेवारी 1998 मध्ये त्याचा क्रमांक निवृत्त करायला बोलावलं तेव्हा आला, कॉलेजचं जॅकेट घालून.

हार्प आणि त्यांच्यानंतरचे प्रशिक्षक टेड ओवेन्स यांची वर्षं मी भराभर ओलांडतो. 1988 चा प्रसंग थांबण्यासारखा आहे. प्रशिक्षक लॅरी ब्राउनच्या संघाने त्या हंगामात 11 सामने गमावले होते. एवढे हरून कुणी अजिंक्य झालेलं नव्हतं. डॅनी मॅनिंगने अंतिम सामन्यात 31 गुण आणि 18 रिबाउंड घेतले, ओक्लाहोमा 83–79 असा पडला. ब्राउन लगेच एनबीएकडे निघाले आणि मागे राहिली ती महाविद्यालयीन खेळांची नियामक संघटना एनसीएए हिची कारवाई. खेळाडू मिळवताना नियम मोडले म्हणून कॅन्ससला पुढच्या वर्षी अजिंक्यपद राखायलाच उतरता आलं नाही. नेस्मिथच्या संघाला असे नियम कधी मोडावे लागले नसते. पण नेस्मिथच्या संघाला हरायचीही भीती नव्हती.

ब्राउनच्या जागी आलेले रॉय विल्यम्स पंधरा वर्षं राहिले, 418 सामने जिंकले, पण अजिंक्यपद काही मिळेना. ते मूळचे डीन स्मिथचे सहायक. 2003 मध्ये अंतिम सामना सिरॅक्यूजला 81–78 असा गमावल्यावर ते नॉर्थ कॅरोलिनाला परतले, आणि लॉरेन्स महिनोन्‌महिने धुमसत राहिलं. त्यांच्या जागी बिल सेल्फ आले. 2008 च्या अंतिम सामन्यात मेम्फिसविरुद्ध दोन सेकंद उरले असताना मारिओ चाल्मर्सने तीन गुणांचा फटका टाकून बरोबरी केली, आणि जादा वेळेत 75–68. 2005 ते 2018 अशी बिग ट्वेल्व्ह परिषदेची सलग चौदा विजेतेपदं. 2022 च्या अंतिम सामन्यात मध्यंतराला पंधरा गुणांनी मागे असताना नॉर्थ कॅरोलिनालाच 72–69 असं उलटवलं. 1957 ची उधारी अशी पुरी पासष्ट वर्षांनी फिटली, असं म्हणणारे लॉरेन्समध्ये पुष्कळ.

नेस्मिथच्या तेरा नियमांचे टंकलिखित कागद 2010 मध्ये सदबीजच्या लिलावात विद्यापीठाच्या एका धनाढ्य माजी विद्यार्थ्याने 43 लाख डॉलरना घेतले, आणि ते आता फील्डहाउसला जोडून बांधलेल्या नव्या इमारतीत काचेमागे आहेत. संघात आता नाव, छायाचित्र आणि जाहिरातींचे पैसे खेळाडूंच्या हातात पडतात. आधी ते आडवळणाने पडत असत. बूट-कंपनीच्या पैशांची एफबीआयने चौकशी केली, प्रकरण वर्षानुवर्षं चाललं, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये निकाल लागला: 2017–18 च्या हंगामातले 15 विजय रद्द, फायनल फोरची (अंतिम चार संघांत पोचल्याची) नोंद रद्द, झेंडा उतरवा. सर्वाधिक विजयांच्या शर्यतीत कॅन्ससने केंटकीला मागे टाकलं होतं. त्या पंधरा सामन्यांनी रपचं केंटकी पुन्हा पुढे गेलं.