संकेतस्थळाचा आराखडा

तालुक्याच्या गावच्या एखाद्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीत संस्थेचे संकेतस्थळ असावे, असा ठराव एकमताने मंजूर होतो, तेव्हा पहिली चर्चा रंगांची होते, दुसरी अध्यक्षांच्या छायाचित्राची, आणि ज्या वाचकासाठी हा सारा खटाटोप करावयाचा, तो विषयपत्रिकेवर येण्यापूर्वीच चहा येऊन सभा बरखास्त होते.

वस्तुतः वाचकाच्या अपेक्षा अत्यंत माफक असतात : वाचनालय आज किती वाजेपर्यंत उघडे आहे, वर्गणी व अनामत किती, हवे असलेले पुस्तक जागेवर आहे की कोणी नेले आहे, आणि त्याची मुदत घरबसल्या वाढवून मिळेल काय. हे जाणून घेण्यासाठी कोणा तज्ज्ञास पाचारण करण्याची यत्किंचितही आवश्यकता नाही. देवघेव विभागातील कर्मचाऱ्याने महिनाभर एक वही जवळ ठेवून समक्ष किंवा दूरध्वनीवर विचारला जाणारा प्रत्येक प्रश्न तीत टिपून ठेवला, तर मुखपृष्ठाचा निम्मा मसुदा तिथेच तयार होतो. ब्रिटिश शासनाने २०१२ साली डायरेक्टगव्ह आणि बिझनेस लिंक ही आपली दोन मोठी संकेतस्थळे मोडून गव्ह डॉट यूके हे एकच उभारले, तेव्हा त्याच्या रचनाकारांनी स्वतःपुरते घालून घेतलेले पहिले तत्त्व हेच होते की, आरंभ वापरणाऱ्याच्या गरजेपासून करावा, खात्यांच्या उतरंडीपासून नव्हे. आपल्याकडे मात्र अध्यक्षांचे मनोगत अग्रस्थानी विराजमान असते आणि वेळापत्रक शोधावे लागते.

पृष्ठांची नावे निश्चित करतानाही ती चिठ्ठ्यांवर लिहून चार-दोन नित्याच्या सभासदांपुढे ठेवावीत व त्यांना सुचेल तशी लावू द्यावीत. ‘उपक्रम’ आणि ‘कार्यक्रम’ यांतील भेद कार्यकारिणीखेरीज कोणासही कळत नाही, हे तत्काळ ध्यानात येते. संगणकापूर्वी मोबाइलच्या अरुंद पडद्याचा आराखडा कागदावर काढावा, कारण बहुतेक वाचक त्याच वाटेने येणार.

खरी कसोटी मात्र देवनागरीची आहे. वर्ल्ड वाइड वेब सर्वांस खुले झाले त्याच १९९१ साली युनिकोड या संगणकावरील सर्व लिप्यांच्या सामायिक संकेतप्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीस स्थान मिळाले. तथापि आपल्या संस्थांच्या ग्रंथयाद्या पुढेही कित्येक वर्षे अशा जुन्या फाँटांत टंकलिखित होत राहिल्या, ज्यांत अक्षरे डोळ्यांना मराठी दिसली तरी यंत्राच्या लेखी ती रोमन चिन्हेच होती. अशी यादी रूपांतर न करता चढवली, तर ‘श्यामची आई’ शोधणाऱ्यास ती कपाटात असूनही सापडणार नाही. आणि रूपांतर केले तरी जोडाक्षरे व रफार ठिकठिकाणी बिघडतात, म्हणून मराठी जाणणाऱ्या माणसाकडून ओळ न् ओळ तपासून घेण्याची तरतूद अंदाजपत्रकात आधीच असावी. पृष्ठाच्या संहितेत भाषा मराठी आहे, असा निर्देशही करावा. काही फाँटांत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असतात, पण ते या निर्देशावाचून प्रकट होत नाहीत व हिंदी वळण उमटते. वेलांट्या-उकारांसाठी ओळींत पुरेसे अंतर सोडावे. अक्षर व पार्श्वभूमी यांतील तफावत निदान ४.५ : १ असावी, असा सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांचा दंडक आहे. सूचनेचे छायाचित्र काढून ते लावण्याची चाल तर सर्वथा त्याज्य होय, कारण दृष्टिहीन वाचकास पडदा वाचून दाखवणारी आज्ञावली अशा चित्रापुढे मुकी होते.

राहता राहिला दप्तराचा भाग. संकेतस्थळाचे नाव दरसाल किंवा काही सालांनी शुल्क भरून कायम राखावे लागते, आणि ते बांधून देणाऱ्या हौशी तरुणाच्या खासगी खात्यावर नोंदले गेले असले, तर तो नोकरीनिमित्त पुण्यास गेल्यावर मुदत केव्हा संपली याची वार्ताही संस्थेस लागत नाही. म्हणून नोंदणी संस्थेच्या नावे, संस्थेच्या पत्त्यावर व्हावी, आणि नूतनीकरणाची तारीख चिटणिसांच्या वहीत विजेच्या देयकाशेजारी लिहिलेली असावी.