मराठी मुलखातील परदेश

परदेश म्हटला की भाषाही परकी असणार, असा सर्वसाधारण समज आहे. १९६१ पूर्वीच्या पेडणे व डिचोली महालांतील विद्यार्थ्याचा अनुभव मात्र निराळा होता. मुंबई त्याला कायद्याने परदेश. पण तेथील मराठी ही त्याच्या शाळेचीच भाषा.

हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली गेले, तरी तेथे मराठी शिक्षणाची परंपरा टिकली. पणजीच्या लिसेवमध्ये शिक्षण पोर्तुगीजमधून मिळे. इंग्रजी कॉलेजासाठी मुंबई, पुणे वा बेळगाव गाठावे लागे. पेडण्याचा मुलगा सातार्ड्यावरून वेंगुर्ल्यास जाई व तेथून आगबोटीने मुंबईस उतरे.

गिरगावात नातलगाच्या बिऱ्हाडी पथारीपुरती जागा, खानावळीचे जेवण आणि बोलण्यातील कोंकणी हेल ऐकून हसणारे सोबती यांची सवय काही आठवड्यांत होई. इंग्रजी व्याख्यान कानी बसण्यास अधिक काळ लागे. १९१९ साली मुंबईत स्थापन झालेल्या गोवा हिंदू असोसिएशनसारख्या संस्थेचा अशा वेळी आधार वाटे.

परकेपणाची खरी झळ १९५५ साली लागली. सत्याग्रहानंतर भारताने रेल्वे व सरहद्दीवरील वाहतूक बंद केली. चतुर्थीस घरी जाणे हाही परवान्याचा प्रश्न झाला.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ साली पणजी व मडगाव येथे महाविद्यालये निघाली. आज पेडणे तालुक्यातच विर्नोडा येथे शासकीय महाविद्यालय आहे. मुंबईस विद्यार्थी अजूनही जातात. मात्र आता ते केवळ परगावी जातात.