मंडळ म्हणजे संघटना नव्हे!

कॅलिफोर्नियात पाठ-मानेवर हाताने उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरविरुद्ध तक्रार करायची म्हटली, की कुणीतरी हमखास सांगतो, ‘कशाला? परवाना मंडळ त्यांचीच तर संघटना!’ ही समजूत काही केल्या जात नाही. संघटनेचे सभासदत्व ऐच्छिक असते आणि ती सभासदांचे हित पाहते. मंडळाच्या परवान्याशिवाय मात्र तिथे व्यवसायच करता येत नाही. 1922 साली मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेल्या कायद्यातून हे मंडळ जन्मले, त्यामुळे मतदारांना विचारल्याशिवाय विधिमंडळाला तो कायदा बदलता येत नाही. मंडळाचे सातही सदस्य गव्हर्नर नेमतात. एकाच महाविद्यालयाचे दोनाहून जास्त पदवीधर एका वेळी मंडळावर असू नयेत, इतकी बारीक अटसुद्धा त्या कायद्यात आहे.

‘पण सातांपैकी पाच कायरोप्रॅक्टरच ना? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!’ हा आक्षेप मात्र उडवून लावण्यासारखा नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या दंतवैद्यक मंडळाने दात पांढरे करून देणाऱ्या बिगर-दंतवैद्यांना धंदा बंद करण्याची पत्रे धाडली. अशा व्यावसायिकांच्या बहुमताच्या मंडळावर राज्याची सक्रिय देखरेख नसेल, तर स्पर्धाविषयक कायद्यापासून त्याला सूट नाही, असे 2015 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बजावले. म्हणजे धोका खराच. पण तक्रारीचा प्रवास पाहा. कॅलिफोर्नियात प्रकरण गंभीर असेल, तर मंडळाच्या बाजूने राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलचे वकील उभे राहतात, सुनावणी मंडळाबाहेरचा प्रशासकीय न्यायाधीश घेतो आणि तोच निर्णयाचा मसुदा लिहितो. शेवटचे मत मंडळाचे, हे कबूल. पण मसुदा फेटाळला तर सगळी नोंद स्वतः तपासावी लागते, आणि त्या निर्णयालाही न्यायालयात आव्हान देता येते. इतक्या हातांतून जाणाऱ्या प्रकरणाला ‘आपसातली मिटवामिटवी’ म्हणणे हा निव्वळ आळस आहे.

बाकीचे गैरसमज किरकोळ. एका राज्याचा परवाना देशभर चालत नाही. राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे परवाना मिळणे नव्हे. तो राज्यच देते. परवाना असला म्हणून उपचारांबद्दलचा प्रत्येक दावा शास्त्रसिद्ध ठरत नाही. शिक्षण, परीक्षा आणि कायद्याच्या अटी पूर्ण झाल्या, एवढेच तो सांगतो. आणि मंडळ परवाना निलंबित किंवा रद्द करू शकते, पण रुग्णाला नुकसानभरपाई हवी असेल तर दिवाणी न्यायालयातच जावे लागते.