माशांची टाकी मोठी, तर गाळणीही पारखून घ्या

कापड घेताना आम्ही रंगाला भुलत नाही. पोत आणि पन्हा पाहतो. घरात माशांची मोठी टाकी ठेवणाऱ्यांनी गाळणीही अशीच पारखावी.

४ फूट लांब, २ फूट रुंद व २ फूट उंच टाकीत सुमारे ४५० लिटर पाणी मावते. ते तासाला निदान चार वेळा फिरावे, म्हणजे १८०० लिटरचा पंप हवा. पाणी उंच चढवताना पंपाचा जोर घटतो, म्हणून खोक्यावरचा आकडा त्याहून मोठा असावा.

नुसता कचरा अडवून भागत नाही. माशांमुळे पाण्यात साचणारा अमोनिया दिसत नाही, पण जीव घेतो. गाळणीतील स्पंजावर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग कमी घातक नायट्रेट करतात. सांडपाण्याने रंकाळ्याची काय दशा झाली, ते कोल्हापूरकरांनी पाहिले आहे. म्हणून स्पंज क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्याने न धुता टाकीतूनच काढलेल्या पाण्यात खंगाळावा. जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच ठेवावेत.

बंद डब्याची कॅनिस्टर गाळणी सुटसुटीत, पण वीज गेली की आतले जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात. टाकीखाली काचेची दुसरी टाकी, म्हणजे संप, बसवला तर जागा जाते, पण गाळण जास्त मावते. वीज गेल्यावर वरून उतरणारे पाणी सामावेल, इतकी जागा त्यात रिकामी ठेवावी. बॅटरीचा हवापंप दोन्हींसोबत हवाच.

सौदा ठरवण्यापूर्वी एवढे विचारा: सुटे भाग गावातच मिळतील का?